वेळ नोंदवणारे अ‍ॅप: चार महिन्यांचा अनुभव

मूल लहान असल्यामुळे मी पगारात कपात मान्य करून आठऐवजी सहा तासांचे काम स्वीकारले आणि ते सहा तास नेमके कुठे खर्च होतात हे पाहण्यासाठी वेळ नोंदवणारे एक अ‍ॅप घेतले. कामाचे नाव लिहून घड्याळ सुरू करायचे आणि उठताना थांबवायचे, इतकाच त्याचा वापर आहे.

मला ते आवडले ते एका प्रश्नामुळे. कीबोर्ड आणि माउस काही मिनिटे हलले नाहीत, की परत आल्यावर ते विचारते, ‘हा वेळ ठेवायचा की वगळायचा?’ मुलाला ताप असताना मी चाळीस मिनिटे त्याच्यापाशी बसलो होतो, त्या दिवशी हा प्रश्न आला आणि माझे बोट आधी ‘ठेवा’कडेच वळले. शेवटी मी ‘वगळा’ निवडले, पण सहजासहजी नव्हे. उलट कागदावर आराखडा मांडण्यात गेलेला अर्धा तासही या अ‍ॅपला रिकामाच वाटतो. तो मी निःसंकोच ठेवतो.

पहिल्या महिन्याच्या अहवालाने मात्र वेगळीच लबाडी उघडी पाडली. घरी मी सहा तास सांगत होतो आणि मूल झोपल्यावर ईमेलना उत्तरे देत रोज साडेसात तास भरत होतो. तो अहवाल वरिष्ठांना दाखवल्यावर माझ्याकडची दोन कामे कमी झाली. दाखवण्यापूर्वी मी कचरलो होतो आणि ती भीती अगदीच अनाठायी नव्हती. एरिन रीड यांनी एका सल्लागार कंपनीचा अभ्यास करून 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे आढळते, की उघडपणे कमी काम मागणाऱ्यांचे मूल्यमापन घसरले, तर गुपचूप कमी काम करणारे पूर्णवेळ झोकून देणाऱ्यांइतकेच चांगले ठरले.

म्हणूनच या अ‍ॅपमधील, प्रत्येक मिनिटाची नोंद आपोआप वरिष्ठांना पाठवणारी सोय मला धोकादायक वाटते. ती सुरुवातीपासून चालूच असते; ती बंद करून फक्त आठवड्याची बेरीज पाठवावी. शिवाय ठरवलेले तास ओलांडले की ते चक्क अभिनंदन करते, आणि हा संदेश बंद करण्याची सोय मला सापडलेली नाही.

पाचपैकी साडेतीन तारे: एक त्या आपोआप पाठवणीसाठी कापला आहे, अर्धा अभिनंदनासाठी.