‘केबिनमध्ये 14 किलो पास करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटपासून सावध राहा

मला 12,054 रुपयांना फसवलं. तेही नाशिकमध्ये, भिशीतल्या मैत्रिणीनेच सुचवलेल्या तिकीट एजंटने. महिना झाला, ओळखीपाळखीत कुणाला बोलले नाही, कारण मी 31 वर्षं पतपेढीत रोखपाल होते. लोकांच्या पैशांत रुपयाची चूक होऊ दिली नाही आणि स्वतःचे असे घालवले. लाज वाटते. पण उद्या तुमच्यातलं कुणी गंगापूर रोडच्या त्याच गाळ्यात जाऊन बसेल, म्हणून सांगते.

लेक बंगळूरला असते, ती बाळंत झाली. बाळंतविडा घेऊन आम्ही दोघं निघणार होतो. ओझरच्या विमानाची तारीख जुळेना, म्हणून मुंबईहून जायचं ठरलं. सामान काय, तर डिंकाचे लाडू, अळीव, झबली, दुपटी आणि माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. हे चेक-इनच्या पट्ट्यावर टाकायला जीव धजेना. एजंट म्हणाला, “काकू, कशाला टेन्शन घेता? केबिनमध्ये माणशी 7 मिळतं, मी 14 पास करून देतो. माणशी 1,600 वर द्या.” तिकिटांचे 11,800 आणि सामानाचे 3,200, असे 15,000 यूपीआयने दिले. पैसे पाठवताना दुकानाचं नाव आलं नाही, कुणा बाईचं आलं. “मिसेसचं खातं आहे,” म्हणाला. निम्म्या दुकानांत असंच असतं, त्यामुळे त्यात मी स्वतःला दोष देत नाही.

दोष देते ते त्या संध्याकाळबद्दल. तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. पीडीएफ नाही, फोटो, आणि खालची बाजू कापलेली. मी दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. सामानाच्या ओळीतला ‘14’ बाकीच्या अक्षरांपेक्षा केसभर वर बसला होता आणि जरा जास्त काळा होता. मला ते दिसलं. पैसे काढायच्या स्लिपवर 1 चा 7 केलेला मी काउंटरच्या काचेपलीकडून ओळखायचे. त्या 14 वर माझी नजर अडकली होती, आणि तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला, बाळ रडत होतं, मी फोटो मिटवला. परत उघडला नाही. हे म्हणालेसुद्धा, “पीएनआर टाकून कंपनीच्या साइटवर बघू का?” मी म्हटलं, “कशाला? ओळखीचा मुलगा आहे.” दोन मिनिटांचं काम होतं. पीएनआर आणि आडनाव टाकलं की खरं तिकीट समोर येतं. एजंटने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका, तिथे जाऊन बघा.

मुंबईला काउंटरवर दोन्ही बॅगा काट्यावर ठेवल्या. 12.6 आणि 11.4. मुलीने तिकीट पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, हे फक्त हँडबॅगचं तिकीट आहे. माणशी 7 किलो. चेक-इनचं सामान यात नाहीच.” म्हणजे त्याने आम्हाला सर्वांत स्वस्त, बिनसामानाचं तिकीट काढून दिलं होतं. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी यंत्रणेने फेब्रुवारी 2021 मध्ये विमान कंपन्यांना अशी तिकिटं विकायची मुभा दिली. अट अशी, की सामान घेऊन काउंटरवर आलात तर किती पडतील ते बुकिंगच्या वेळीच सांगायचं आणि तिकिटावर छापायचं. फोटोतून कापलेली पट्टी तीच.

10 किलो जास्त भरलं. किलोला 600. रांगेसमोर, फरशीवर बसून मी बॅगा उघडल्या. लाडवांचा डबा, त्याच्याभोवती गुंडाळलेली दुपटी, सगळं लोकांच्या पायांशी. यांनी मुंबईच्या घामात स्वेटर घातला, मी शाल पांघरली, कसाबसा एक किलो कमी केला. गोधडी जवळ ठेवली, बाकी 9 किलो कापडी पिशवीत घालून पट्ट्यावर गेलं. 5,400 कार्डने भरले. मागून कुणीतरी म्हणालं, “वाचत नाहीत आणि मग रडतात.” ते अजून कानात आहे.

लेकीच्या घरी पोचल्यावर जावयाने साइट उघडली. दोन तिकिटांची खरी किंमत 8,346. म्हणजे एजंटने तिकिटांत 3,454 खाल्ले, सामानाचे 3,200 खाल्ले, वर आम्हाला 5,400 चा भुर्दंड.

आता पुढचं ऐका. विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर 40 मिनिटं गाणं ऐकलं आणि उत्तर मिळालं, “एजंटला विचारा.” एजंट म्हणतो, “कंपनीला मेल टाकलाय, काकू.” मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. नाशिकला परतल्यावर पोलिस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी म्हणे, पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? मग हे दिवाणी प्रकरण. अहो, खोटं तिकीट बनवलंय, आकडा बदललाय, हे दिवाणी कसं? साइटवरचं खरं आणि त्याने पाठवलेलं, दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. “एवढ्याशा रकमेसाठी कशाला फेऱ्या मारता, ताई?” एवढीशी! माझ्या पेन्शनमध्ये ती एवढीशी नाही. सायबरवाले म्हणाले, आरोपी ओळखीचा, त्याचं दुकान माहीत, मग ठाण्यात जा. ठाणं म्हणतं सायबरला जा. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, ती विमान कंपनीकडेच गेली. कंपनीने लिहिलं ‘आकारणी नियमानुसार’, आणि तक्रार ‘निकाली’. एजंटचा उल्लेखच नाही! कंपनीची आकारणी नियमात असेल, मी कुठे नाही म्हणते? मला चोर दाखवायचा होता. तक्रार केली की लगेच लेखी पोच मागा, मला पहिल्या दिवशी सुचलं नाही.

आणि लक्षात ठेवा, देशांतर्गत साध्या तिकिटावर केबिनचं वजन एजंट ‘पास’ करून देऊ शकत नाही. पैसे भरून वाढतं ते बहुतेक वेळा पट्ट्यावरचं सामान, तेही कंपनीच्या साइटवरूनच आधी घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. घरच्या काट्यावर बॅग तोला. अनेक कंपन्यांचं माप 55, 35, 25 सेंटीमीटर, म्हणजे एकूण 115, टेपने मोजा. पावतीवर दुकानाचं नाव नसेल तर पैसे देऊ नका.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, सोमवारी अर्ज देणार. दोन्ही तिकिटांच्या रंगीत प्रती काढल्यात, ‘14’ भोवती लाल पेनने गोल केलाय.

आज सकाळी भिशीच्या ग्रुपवर त्याचीच जाहिरात आली, दिवाळीच्या सहलींची. खाली मी ते दोन फोटो टाकले. मैत्रिणीचा लगेच फोन आला, “अगं, डिलीट कर, त्याचा धंदा बसेल.” केले नाहीत.