फोटो झकास, सर्च डोक्यात जाणारा: एका स्टॉक फोटो साइटचा रिव्ह्यू

आमच्या ऑफिसनं एका मोठ्या स्टॉक फोटो साइटचं, म्हणजे कुणालाही वापरता येतील असे तयार फोटो विकणाऱ्या साइटचं, सबस्क्रिप्शन घेतलंय आणि ट्रेनिंगच्या स्लाइड्स, पत्रकं, न्यूजलेटर हे सगळं माझ्याकडंच असल्यामुळं ते सगळ्यात जास्त मीच वापरते. साइटचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण पुढं जे लिहिलंय ते थोड्याफार फरकानं या धंद्यातल्या सगळ्यांनाच लागू पडेल.

आधी सरळसोट गोष्टी. क्वालिटी उत्तम, डाउनलोड फटाफट, लायसन्सची भाषा किचकट आहे पण एकदा बसून वाचली की कळते. इथपर्यंत पाचापैकी साडेचार.

आता सर्च.

ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहा असं ज्येष्ठ लोकांना सांगणारं एक पत्रक करायचं होतं, म्हणून 'ज्येष्ठ महिला' आणि 'स्मार्टफोन' एवढंच टाकलं. जे आलं ते बघा: चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब धरलेला, कपाळाला आठ्या, आणि शेजारी नातू स्क्रीनवर बोट ठेवून शिकवतोय. खाली स्क्रोल केलं की नुसते सुरकुतलेले हात, चेहराच नाही. आणखी खाली गेलं की एकदम दुसरं टोक, चंदेरी केस, पांढरेशुभ्र कपडे, समुद्रकिनारी हसत पळणारं जोडपं, जणू म्हातारपण म्हणजे दातांच्या डॉक्टरची जाहिरातच. मधलं काही नाही. स्वतःचं बिल स्वतः भरणारी, ग्रुपवर भांडणारी, कस्टमर केअरला फैलावर घेणारी बाई पहिल्या पानांवर तरी कुठं दिसत नाही. आणि माझ्या पत्रकाला नेमकी तीच हवी होती, कारण बावळट दिसणाऱ्या बाईचा फोटो लावून 'तुम्ही सावध राहा' म्हणलं तर वाचणारी म्हणणार ही मी नव्हेच, आणि पत्रक बाजूला ठेवणार.

हे फक्त मलाच खटकतंय असं नाही. अमेरिकेतल्या एएआरपी या ज्येष्ठांच्या संस्थेनं 2019 मध्ये ब्रँड वगैरे इंटरनेटवर टाकतात ते फोटो तपासले होते, तर टेक्नॉलॉजी वापरणारे वयस्क लोक 5 टक्क्यांहूनही कमी फोटोंत होते, आणि त्याच सुमाराला तिथल्या 55 ते 73 वयाच्या 69 टक्के लोकांकडं स्मार्टफोन होता.

मग मी एक उद्योग केला, फोटोच्या खाली जे कीवर्ड असतात ते वाचायला लागले. आणि खरी गंमत तिथंच आहे. एक फोटो अगदी साधा, व्हीलचेअरवर बसलेली बाई ऑफिसात लॅपटॉपवर काम करतेय, हातात पेन, चेहरा कामात गुंतलेला, म्हणजे कामाच्या दिवशी कुणाचाही असतो तसाच. खाली कीवर्ड काय, तर धैर्य, आशा, आजारपण, एकाकी, प्रेरणा, मदत. 'ऑफिस' आणि 'नोकरी' पार शेवटाकडं. जवळपास तशाच खोलीत खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या बाईच्या फोटोखाली यश, नेतृत्व, बिझनेस, टीमवर्क. म्हणजे फोटोग्राफरनं फोटो बरा काढलाय, पण 'ऑफिस' शोधणाऱ्याला पहिली बाई सापडणारच नाही आणि 'प्रेरणा' शोधणाऱ्याला दुसरी सापडणार नाही.

हे होतं कसं तेही सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं कंपनीत कोणीतरी वाईट माणूस बसलाय. तसं नाहीये. कीवर्ड बहुतेक वेळा फोटो विकायला ठेवणारा स्वतः टाकतो, आणि काय खपतं हे त्याला पक्कं माहीत असतं, त्यामुळं तो तेच शब्द टाकतो. मग जे जास्त डाउनलोड होतं ते वर येतं, आणि वर आहे तेच माझ्यासारखी डेडलाइन डोक्यावर असलेली बाई उचलते, की ते अजून वर. पेपरवाले, न्यूज पोर्टलवाले, जाहिरातवाले सगळे याच पहिल्या पानावरून फोटो घेतात. म्हणून मानसिक आजारावरच्या बातमीला दोन्ही हातांनी डोकं धरून अंधारात बसलेला माणूसच असतो, लठ्ठपणाच्या बातमीत मानेवरून कापलेलं बिनडोक्याचं पोट असतं (त्या माणसाला चेहरा असतो हे जगाला कळू द्यायचंच नाही बहुतेक) आणि गरिबी म्हणलं की वरून घेतलेला, थेट कॅमेऱ्यात बघणाऱ्या लहान मुलाचा क्लोज-अप. बॉसचा फोटो मात्र खालून घेतात. डोकं धरलेल्या फोटोंविरुद्ध तर ब्रिटनमध्ये 'टाइम टू चेंज' नावाच्या मोहिमेला वेगळे फोटो काढून वाटावे लागले होते.

असं नाही की बदल होतच नाही. गेटी या मोठ्या स्टॉक फोटो कंपनीत 'वुमन' या शब्दाला 2007 मध्ये सगळ्यात जास्त विकलेला फोटो होता टॉवेलखाली विवस्त्र पहुडलेल्या बाईचा, आणि 2017 मध्ये डोंगरातल्या खडकाळ वाटेवर एकटी चालणाऱ्या बाईचा. म्हणजे चांगला फोटो समोर ठेवला की लोक घेतात. 'लोकांना हेच हवंय' हे कारण मला म्हणूनच पटत नाही.

आमच्या साइटनं यावर काय उपाय काढला, तर डायव्हर्सिटीचा फिल्टर दिला. वाटलं भारी. चालू केला, तर आता प्रत्येक फोटोत एक टेबल, भोवती चार वेगवेगळ्या रंगांची चार माणसं, कडेला एक व्हीलचेअर, आणि सगळे एकाच लॅपटॉपकडं बघून खदाखदा हसतायत. एवढं हसण्यासारखं त्या स्प्रेडशीटमध्ये काय असतं देव जाणे. जुना साचा मोडला आणि नवा बसवला, एवढंच. त्यात ती व्हीलचेअरवाली व्यक्ती कायम कडेलाच, मीटिंग घेताना कधीच नाही.

हल्ली सोबत एआय चित्रांचा टॅब पण आलाय, त्याच्यावर विसंबू नका. साचा तिथं अजून घट्ट आहे, कारण तो असल्याच करोडो चित्रांवर शिकलाय. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं 2023 मध्ये स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय तपासलं तेव्हा न्यायाधीशांच्या चित्रांत बायका निघाल्या 3 टक्के, आणि अमेरिकेतल्या खऱ्या न्यायाधीशांत आहेत 34 टक्के. म्हणजे जग जसं आहे तसं दाखवतंय म्हणायचीही सोय नाही, हे जगाच्याही मागं आहे. उलट जबरदस्तीनं दुरुस्त करायला गेलं की काय होतं ते फेब्रुवारी 2024 मध्ये गुगलच्या जेमिनी या एआयनं दाखवलंच, इतिहासातली माणसं भलतीच दिसायला लागली आणि माणसांची चित्रं काढणं काही काळ बंदच करावं लागलं.

कस्टमर सपोर्टला मी त्या व्हीलचेअरच्या फोटोबद्दल लिहिलं. आधी छापील उत्तर, कीवर्डची जबाबदारी फोटो देणाऱ्याची. परत लिहिलं, तेव्हा 'आजारपण' आणि 'एकाकी' काढले. पण फक्त त्याच फोटोवरचे, त्याच मालिकेतल्या बाकीच्या फोटोंवर जसेच्या तसे आहेत.

तरी पूर्ण नापास करत नाही, कारण आत माल आहे. मेनूत खोलवर 'कलेक्शन्स' म्हणून एक जागा आहे, तिथं संपादकांनी निवडलेले संच आहेत आणि काही तर त्या त्या समाजातल्या फोटोग्राफरांनीच काढलेले. तिथं मला एक बहिरी शिक्षिका सापडली, वर्गात, पोरांवर वैतागलेली! इतका जिवंत फोटो पहिल्या पानावर का नाही हे मला अजून समजत नाहीये.

वापरणार असाल तर दोन-तीन युक्त्या. 'पॉप्युलर' सोडून 'नवीन' असं सॉर्ट लावा, निम्मा कचरा तिथंच जातो. माणसाचा प्रकार आधी टाकू नका, काम टाका, म्हणजे 'बिल भरणं' किंवा 'फोनवर तक्रार', आणि वय, लिंग वगैरे फिल्टर नंतर लावा. माझी पत्रकासाठीची बाई शेवटी अशीच मिळाली, भुवया ताणून कुणालातरी फोनवर झापत असलेली. आणि एखादा फोटोग्राफर आवडला तर त्याचं पेज सेव्ह करून ठेवा, सर्चपेक्षा ते कधीही बरं.

फोटोंना साडेचार, सर्चला दोन, एआय टॅबला एक. वर्षाचा प्लॅन घेऊ नका, महिन्याचा घ्या, आणि ऑटो रिन्युअल पहिल्या दिवशीच बंद करा, ते बटण पण कलेक्शन्ससारखंच लपवून ठेवलंय.