सौर-हायड्रोजन प्रयोगसंच : प्रयोगशाळेसाठी घ्यावा, खेळणे म्हणून नव्हे

सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवायचा आणि त्याच हायड्रोजनवर एक छोटी गाडी चालवायची, असा प्रयोगसंच आता ऑनलाइन दुकानांत निरनिराळ्या नावांनी मिळतो. नाव बदलले तरी आतली सामग्री बहुतेक सारखीच असते : तळहाताएवढे सौर पॅनेल, पाण्याचे विघटनही करणारा आणि पुढे वीजही देणारा एक चपटा इंधनघट, दोन पारदर्शक नळकांडी, रबरी नळ्या, सिरिंज आणि प्लास्टिकची गाडी. आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी असा एक संच मागवला होता आणि नववी-दहावीच्या वर्गांत तो वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

पहिली तक्रार खोक्यावरच्या मजकुराविषयी आहे. तेथे ‘पाण्यावर धावणारी गाडी’ असे ठळक छापले आहे. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरते ते पाणी. त्यातून हायड्रोजन वेगळा काढण्यासाठी जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यापेक्षा जास्त ऊर्जा तो पुन्हा ऑक्सिजनशी संयोग पावताना देऊ शकत नाही, त्यामुळे ही गाडी पळते ती सूर्याच्या जिवावर. पाण्यावर चालणाऱ्या दुचाकींचे दावे आपल्याकडे अधूनमधून गाजत असताना विज्ञानाच्या साहित्यावर तरी अशी जाहिरात नको होती.

प्रत्यक्ष कामगिरी मात्र चांगली आहे. घटाच्या मध्यभागी फक्त प्रोटॉनना वाट देणारे एक पातळ पटल असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाचा थर असतो. या रचनेमुळे पाण्यात आम्ल किंवा अल्कली मिसळावी लागत नाही, ही शाळेच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. पाण्याच्या विघटनासाठी सैद्धांतिकदृष्ट्या किमान १.२३ व्होल्ट दाब लागतो, व्यवहारात १.६ ते १.८ व्होल्टच्या आसपास द्यावा लागतो. दुपारच्या उन्हात पॅनेल तेवढा दाब सहज देते. आम्ही मुद्दाम पॅनेल काढून १.२ व्होल्टचा एकच रिचार्जेबल सेल जोडून पाहिला, तेव्हा बुडबुडे आलेच नाहीत. उंबरठ्याची कल्पना मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या न आलेल्या बुडबुड्यांनी अधिक पटली.

नळकांड्यांवर मिलिलिटरच्या खुणा आहेत आणि हायड्रोजन दोन भाग, ऑक्सिजन एक भाग हे प्रमाण डोळ्यांनी मोजता येते. ऑक्सिजन पाण्यात हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळत असल्याने सुरुवातीला तो थोडा कमी भरतो. ही बाब पुस्तिकेत नाही, ती शिक्षकानेच सांगावी. परिपथात मल्टिमीटर जोडला तर सुटणारा वायू वाहिलेल्या विद्युतभाराच्या प्रमाणात असतो, हा फॅरडेचा नियमही तपासता येतो. एक अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला तर सामान्य तापमानाला सुमारे साडेसात मिलिलिटर हायड्रोजन सुटायला हवा, म्हणजे ०.३ अँपिअरला मिनिटाला सव्वादोन मिलिलिटरच्या आसपास. आमची मापे या हिशेबाच्या जवळ आली, आणि एवढ्या लहान उपकरणाकडून माझी तेवढी अपेक्षा नव्हती.

या संचाचे खरे मोल गाडीत नाही, तर वाटेत ऊर्जा कशी गळत जाते हे तो लपवत नाही यात आहे. विघटन करताना घटाला सुमारे १.७ व्होल्ट द्यावे लागतात, तर तोच घट वीज देताना मोटारीच्या भाराखाली जेमतेम ०.७ व्होल्ट देतो. गेलेला विद्युतभार जवळपास तेवढाच परत आला असे धरले तरी टाकलेल्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच हाती लागते. शिवाय पॅनेल स्वतः प्रकाशाचा मोठा भाग वाया घालवते. हे सारे गुणले तर पॅनेलवर पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकी चार-पाच भागही चाकांपर्यंत पोहोचत नाहीत. हाच हिशेब दुसऱ्या अंगाने मांडता येतो. नळकांड्यातल्या वीस मिलिलिटर हायड्रोजनमध्ये सुमारे २३० जूल ऊर्जा असते आणि ५००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीत जवळपास ७० हजार जूल. म्हणजे कुठेही गळती झाली नाही असे मानले तरी एका मोबाइलसाठी अशी सुमारे तीनशे नळकांडी लागतील. मग हा वायू दाबून साठवण्यासाठी एवढा खटाटोप का करतात, हा प्रश्न वर्गात आपोआप येतो.

मोठ्या प्रकल्पांशी या आकड्यांची सांगड घालता येते, हाही एक फायदा. ऑइल इंडियाने आसाममधील जोरहाट येथे २०२२ साली सौरविजेवर रोज दहा किलो हायड्रोजन तयार करणारा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. एका किलोसाठी विघटनात नऊ लिटर पाणी खर्ची पडते आणि आजच्या यंत्रांना साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यासाठी किती वीज लागेल याचा गुणाकार दहावीची मुले स्वतः करू शकतात आणि आलेला आकडा पाहून गप्प होतात.

आता दोषांकडे. पटल नाजूक आहे. त्यात शुद्ध पाणीच घालावे लागते. बोअरिंगचे किंवा नळाचे पाणी वापरले तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम पटलात अडकून घट मंदावतो, आणि घरच्या आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते. डिस्टिल्ड वॉटर विकत आणावे आणि बाटलीवर तसे लिहिले असल्याची खात्री करावी. प्रयोगापूर्वी सिरिंजने पटल भिजवून काही मिनिटे थांबणे आणि तारा उलट न जोडणे या दोन सूचना पहिल्याच पानावर हव्या होत्या. त्या पुस्तिकेत शेवटी, बारीक टाइपात आहेत. सुरक्षिततेविषयीचा मजकूरही तोकडा आहे. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या विस्तृत प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो आणि उजेडात त्याची ज्योत जवळपास दिसत नाही. वीस मिलिलिटरने अनर्थ होणार नाही, पण जवळ काडी ओढू नये हे स्पष्ट लिहिणे आवश्यक होते.

पावसाळ्यात हा संच निरुपयोगी आहे, आणि वर्गातल्या एलईडी ट्यूबखाली पॅनेलमधून नाममात्र प्रवाह मिळतो. हॅलोजनचा दिवा असेल तर काम भागते. किंमत काही हजार रुपये आहे. केवळ विघटन दाखवायचे असेल तर पेन्सिलीतली शिसे, खाण्याचा सोडा घातलेले पाणी आणि नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. बॅटरी काढल्यावर शिशांना चिकटलेल्या बुडबुड्यांमुळे मल्टिमीटरवर काही क्षण थोडा दाबही दिसतो, आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८४२ साली मांडलेल्या वायुघटाचे, म्हणजे आजच्या इंधनघटाच्या मूळ रूपाचे, तत्त्व तेवढ्यावर समजावता येते. मात्र मोजमाप करण्याजोगी वीज परत मिळवायची असेल तर हा संच हवाच. घरी वाढदिवसाची भेट म्हणून मी तो सुचवणार नाही, कारण गाडी थोडा वेळ फिरून थांबते आणि मुलांचा उत्साहही तिच्याबरोबर थांबतो. शाळेने घेताना सुटा इंधनघट वेगळा मिळतो का, हे विक्रेत्याला आधी विचारावे, सोबत मल्टिमीटर घ्यावा आणि सुट्टीपूर्वी घट हवाबंद पिशवीत ठेवावा, नाहीतर उन्हाळ्यात पटल सुकते.