राणी म्हणून विकलेली सैनिक मुंगी

गेल्या फेब्रुवारीत माझ्या सातवीतल्या मुलीसाठी मी बारीक मुंग्यांची एक वसाहत १८०० रुपयांना विकत घेतली. विक्रेत्याने मोबाइलवर छायाचित्रे पाठवून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली आणि सोलापूरच्या एसटी स्टँडबाहेर काचेची नळी हातात ठेवून तो दोन मिनिटांत निघून गेला. नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तीस-पस्तीस मुंग्या, थोडे पांढुरके कोष आणि त्यांच्यात उठून दिसणारी मोठ्या डोक्याची एक मुंगी होती. हीच राणी, असे त्याने बोट ठेवून सांगितले.

पहिले काही दिवस कोषांतून फिकट पिवळसर मुंग्या बाहेर पडत राहिल्या, त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. ते कोष दुसऱ्याच कुठल्या तरी राणीचे होते, हे फार उशिरा कळले. कोष संपले आणि नवे अंडे एकही दिसेना. विचारले तेव्हा ‘सोलापूरचं ऊन राणीला सोसत नाही, थोडं थांबा’ असे उत्तर मिळाले, आणि एप्रिलमधली आमच्याकडची काहिली पाहता ते मला पटलेही. नंतर त्याने फोन उचलणेच बंद केले.

शेवटी भिंगातून पाहिले. मागे खाच पडलेले भलेमोठे डोके, पण त्यामागची छाती अरुंद आणि पोट इवलेसे. ती फिडोली या वंशातली सैनिक मुंगी होती. तिचे मोठे डोके लढण्यासाठी आणि दाणे फोडण्यासाठी असते. राणीच्या छातीत उडण्याचे स्नायू असल्यामुळे ती रुंद असते आणि मीलनानंतर गळलेल्या पंखांच्या खुणा तिच्यावर कायम राहतात. या वंशातल्या कामकरी आणि सैनिक मुंग्यांना अंडाशयच नसतात, म्हणजे आमच्या नळीत अंडे दिसण्याची आशा पहिल्या दिवसापासूनच खोटी होती. मुलगी मात्र तोवर रोज सकाळी साखरपाण्याचा थेंब ठेवून अंडी शोधत होती, याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी राणीचे बाजूने आणि जवळून काढलेले छायाचित्र मागावे, आणि नळीत कोषांसोबत ताजी अंडीही आहेत का, हे तिथेच भिंगाने पाहिल्याशिवाय ती ताब्यात घेऊ नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली ती दोन महिने उलटल्यावर. पैसे गेल्याची शंका येताच, त्याच दिवशी, ती करायला हवी होती.