उडता पक्षी टिपताना: एक बिंदू की झोन?

नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्याच्या सकाळी हा प्रश्न हमखास पडतो: कॅमेऱ्याचा फोकस एकाच बिंदूवर ठेवायचा की झोनवर, म्हणजे अनेक बिंदूंच्या मोठ्या चौकोनावर? सतत फोकस, म्हणजे पक्षी हलेल तसा जुळत राहणारा फोकस, आणि १/२००० सेकंदाच्या आसपासचा शटर दोन्हीकडे हवाच.

मोकळ्या आभाळात चित्रबलाक येत असेल तर झोन फोकस उत्तम. मागे काहीच नसल्याने कॅमेरा पक्ष्यालाच धरतो. तो मधोमध ठेवायची सक्ती नसते, त्यामुळे चोचीपुढे जागा सोडता येते. उडणाऱ्याला पुढे वाट दिसली की चित्र श्वास घेतं.

पण तोच पक्षी लव्हाळ्यावरून खाली उतरू लागला की झोन फसतो. फोकस पात्यांवर जातो आणि पंख धूसर येतात. तिथे एकच बिंदू, फार तर शेजारच्या चार बिंदूंसह. हात मात्र स्थिर लागतो. बिंदू सुटला की फोटोही गेला. म्हणून मी झूम थोडा मागे घेते, पक्षी मध्यात धरते आणि चौकट नंतर कापून जुळवते. पिक्सेल कमी होतात, पण डोळा धारदार मिळतो.

नव्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर आधी झोनच वापरा. नसेल तर गोदाकाठच्या बगळ्यांवर एका बिंदूचा सराव करा. ते संथ उडतात.