साडेसातशेचा स्कॅनर आणि बाबांचा रुमाल

माझी गाडी तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, २०१७ची. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा काटाच नाही. थंड असताना निळा दिवा, उकळायला लागली की लाल. मधलं काही सांगायचंच नाही, असा कंपनीचा हिशेब. म्हणून गेल्या वर्षी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, निळा, वर ‘ईएलएम ३२७’ छापलेलं, बाकी कंपनीचं नाव-गाव काही नाही. साडेसातशे रुपये. दुकानदार म्हणाला, “मॅडम, गाडीच्या पोटातलं सगळं मोबाइलवर दिसेल.” सगळं दिसत नाही. पण दिसतं तेवढ्यात पैसे वसूल झाले.

स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा खोचायचा. पासवर्ड १२३४, अ‍ॅप फुकटातलं. पहिल्या दिवशी जोडायला अर्धा तास गेला, नंतर कधी त्रास नाही.

मी मुख्यतः एकच आकडा बघते, कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. भांडुपहून अंधेरीला जाताना माझी गाडी चालत्या रस्त्यावर ८८ ते ९२ अंश दाखवते. सिग्नलला उभी राहिली की ९७पर्यंत चढते, पंखा लागतो, परत उतरते. दुसऱ्या गाडीचे आकडे वेगळे असतील. आपल्या गाडीचं रोजचं काय, ते पंधरा दिवसांत पाठ होतं, आणि मग थोडं जरी इकडचं तिकडे झालं तरी खटकतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी सीप्झच्या गर्दीत तसंच खटकलं. पंखा लागलेला, तरी ९९. मग १०१. मग १०४. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल्ल सोडला. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. मे महिन्यात मुंबईत हीटर लावून बसलेली त्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मी एकटीच असेन. रिक्षावाले बघत होते. सरकत सरकत कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. गरम असताना ते उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं.

थंड झाल्यावर टाकी पाहिली तर कूलंट खालच्या रेषेच्याही खाली. वॉटर पंपापासून वाळलेला गुलाबी ओघळ गेलेला. पंप आणि कूलंट मिळून ३,८०० रुपये झाले. तशीच दामटली असती तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, उडालं असतं, आणि तो खर्च हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजतात.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, आठवडाभर गोडसर वास येत होता की! मी म्हटलं नव्हतं?” म्हटलं होतं. तो गळणाऱ्या कूलंटचा वास होता, आणि मी डॅशबोर्डवरची परफ्यूमची बाटली फेकून दिली होती.

बाबांनी तीस वर्षं काळी-पिवळी पद्मिनी चालवली. या डबीवर त्यांचा विश्वास नाही. पण जुलैत थोडा बसला. पावसात पवईच्या चढावर गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप गेला, आणि इंजिनाचा पिवळा दिवा चक्क लुकलुकायला लागला. तो दिवा नुसता लागून राहिला तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. लुकलुकला तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग खलास होतो. स्कॅनरने कोड दिला पी०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. एका सर्व्हिस सेंटरने ठिणगीला वीज देणाऱ्या तिन्ही कॉइल बदला असं सांगितलं. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी दोन नंबरची कॉइल उचलून तीनवर लावली, कोड पुसला आणि एक चक्कर मारून आले. आता कोड पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे ती एकच कॉइल खराब. बाबा म्हणाले, “हं. हे बरंय.”

आता जे दिसत नाही ते. इंजिनात ऑइल किती आहे, हे माझ्या गाडीत हा स्कॅनर सांगूच शकत नाही. दिवाळीत सकाळी गाडी सुरू केली की वरून टिकटिक यायची. अ‍ॅपवर सगळं छान. बाबांनी गाडी सपाटीवर घ्यायला लावली, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढली, रुमालाला पुसली, परत घालून काढली. ऑइल जेमतेम टोकाला. वर मलाच विचारलं, “लाल किटलीचा दिवा लागायची वाट बघत होतीस?” तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नाहीच, दाब गेल्याचा आहे, लागला की त्याच जागी इंजिन बंद करायचं. बाबांनी सायलेन्सरमागेही उभं केलं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर कूलंट आत शिरतंय. आमचा धूर निळा नव्हता. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या गॅस्केटमधून ऑइल झिरपत होतं. तेव्हापासून दर रविवारी डिपस्टिक मी बघते, रुमाल बाबांचा.

तक्रारी दोन. गणपतीत गावी गेलो तेव्हा हा सॉकेटमध्येच राहिला आणि आठ दिवसांत बॅटरी बसली. आधीच चार वर्षांची होती, पण हा सतत थोडी थोडी वीज खातोच. आणि कोड पुसायचं बटण फार हाताशी आहे. नोंद करून ठेवल्याशिवाय ते दाबू नका, मिस्त्रींना शोधायला काही उरत नाही.

आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडला जात नाही. त्यांच्यासाठी वायफायवाला मिळतो. आणि गाडी घेऊन जाणं जमलं तर दुकानासमोरच लावून बघा. घरी आणल्यावर माल परत घेत नाहीत.