मँचेस्टर की ग्लॉस्टर? एकच दिवस असेल तर कोणता शिप कॅनॉल (समुद्री जहाजं जातील एवढा मोठा कालवा) बघावा

जुन्या इंजिनिअरिंगची आवड असलेलं कुणी इंग्लंडात आलं की शिप कॅनॉलचा विषय निघतोच, आणि मग मँचेस्टरला जायचं की ग्लॉस्टरला ह्यावर गाडी अडते. मी दोन्ही केलंय, मँचेस्टर शिप कॅनॉलची लांबलचक क्रूझ पण आणि ग्लॉस्टर-शार्पनेस कॅनॉलचा काठ पण. दोन्हीकडे बाबा बरोबर होते. त्यांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे पाणी, गेट, भराव ह्या बाबतीत त्यांचं समाधान होणं सोपं नाही, आणि खाली जे लिहितोय त्यातलं अर्धं मत त्यांचंच आहे असं समजा. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात, एवढं माहीत असलं की पुरे.

इतिहास म्हणाल तर मँचेस्टरला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. स्वदेशीच्या चळवळीत आपल्याकडे ज्या मँचेस्टरच्या कापडाच्या होळ्या झाल्या तेच हे शहर, कापसावर श्रीमंत झालेलं, पण समुद्र लांब. कापूस येणार लिव्हरपूलला, तिथल्या गोदीचे दर आणि वर रेल्वेचं भाडं, आणि ह्या दोघांनी मिळून आपल्याला पिळून काढलंय अशी गिरणीवाल्यांची पक्की भावना. १८८२ च्या जूनमध्ये डॅनियल ॲडमसन नावाच्या कारखानदाराने डिड्सबरीतल्या आपल्या घरी मंडळी बोलावली आणि ठरलं की जहाजंच शहरात आणायची. लिव्हरपूलने अर्थातच पार्लमेंटमध्ये जोरदार विरोध केला. बिल दोनदा पडलं, तिसऱ्यांदा १८८५ मध्ये पास झालं. आधीचा प्लॅन मर्सीच्या खाडीतूनच खोल चॅनल काढायचा होता, पण त्याने खाडी गाळाने भरेल असं लिव्हरपूलच्या बाजूने ईड्स ह्या अमेरिकन इंजिनिअरने ठासून मांडलं, म्हणून कॅनॉलचा इंजिनिअर लीडर विल्यम्सने मार्गच बदलला आणि खाडीच्या दक्षिण काठाला धरून ईस्टहॅमपर्यंत वेगळा कॅनॉल आखला. म्हणजे आज नकाशावर जी रेघ दिसते ती कोर्टकचेरीसारख्या भांडणातून तयार झालीय, मला हा भाग फार आवडतो.

१८८७ मध्ये खोदाई सुरू, सरासरी १२,००० मजूर, पैसे मध्येच संपले, तेव्हा मँचेस्टर महापालिकेने ५० लाख पौंड कर्जाऊ दिले आणि संचालक मंडळात आपलं बहुमत घेतलं, एकूण खर्च दीड कोटी पौंडांच्या आसपास. १ जानेवारी १८९४ ला वाहतूक सुरू झाली, मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाने रीतसर उद्घाटन केलं. ३६ मैल लांब, पाच ठिकाणी लॉक्स, आणि खाडीच्या टोकाच्या ईस्टहॅमपासून मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या गोदीपर्यंत जहाज साधारण ६० फूट वर चढतं. वाटेतल्या उंच पुलांखाली जागा सत्तर-पंचाहत्तर फुटांची, त्यामुळे मोठ्या जहाजांना ईस्टहॅमला डोलकाठीचा शेंडा, कधी धुराड्याचा वरचा तुकडासुद्धा क्रेनने उतरवून पुढे जावं लागायचं. वाट दाखवायला पायलट, पुढे-मागे ओढायला टग बोटी. एवढं सगळं करून समुद्रापासून इतकं आत असलेलं मँचेस्टर ब्रिटनच्या मोठ्या बंदरांत जाऊन बसलं. पुढे कंटेनर आले, जहाजं कॅनॉलमध्ये मावेनाशी झाली, १९८२ मध्ये गोदी बंद पडली आणि आज तिथे सॅलफर्ड कीजच्या काचेच्या इमारती आहेत.

क्रूझमध्ये हे सगळं समोरून जातं, साधारण सहा तास. लॉकमध्ये शिरतानाचा अनुभव भारी आहे, दोन्ही बाजूंना ओल्या भिंती, त्यावर हिरवं शेवाळ, साखळ्या लोंबतायत, वरचं आकाश पट्टीएवढं, आणि मग बोट इतकी हळू वर येते की भिंतीवरची ओलीची रेघ खाली सरकताना बघूनच कळतं की आपण चढतोय.

पण मला जे खटकलं आणि ज्याने माझं मत ठरलं ते सांगतो. मँचेस्टरच्या कॅनॉलवर कुठेच थांबता येत नाही. बार्टनला फिरता ॲक्विडक्ट म्हणजे पाण्याचा पूल आहे, ब्रिजवॉटर नावाचा दुसरा जुना कॅनॉल ह्या कॅनॉलच्या डोक्यावरून नेणारा, दोन्ही टोकांचे दरवाजे लावून पाण्यासकट साडेचौदाशे टनांची टाकी बेटावरच्या खांबावर फिरवतात, १८९४ पासून आजवर. जगात असला दुसरा नाही म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा टाकी आधीच फिरवून बाजूला लावलेली होती आणि आमची बोट शेजारून निघून गेली, बस्स. बाबा मागे वळून वळून बघत राहिले, दरवाजे मिटल्यावर फटीतून गळती कशी रोखतात, मधलं पाणी कुठे काढून टाकतात, एकेक प्रश्न, आणि उत्तर शोधायला उतरायची सोय नाही. बरं, दुसऱ्या दिवशी पायी येऊन बघू म्हणावं तर काठाने सलग वाटच नाही, कारण हा कॅनॉल वाफेच्या जहाजांसाठी बांधला, बोटी ओढणारे घोडे काठाने कधी चाललेच नाहीत, आणि आजूबाजूची बरीच जागा कारखाने आणि कुंपणांनी अडवलेली. स्वतःची छोटी बोट घेऊन जायचं तर परवानगी, इन्शुरन्स, बोट लायक असल्याचं सर्टिफिकेट, म्हणजे पाहुण्याच्या आवाक्यातलं काम नाही. त्यात क्रूझ एकतर्फी असते, परतायला बस, दिवस संपला.

ग्लॉस्टर-शार्पनेस ह्याच्या बरोबर उलट आहे. लहान आहे, साडेसोळा मैल, आणि खूप जुना. १७९३ चा कायदा, पैसे संपून काम वर्षानुवर्षं रखडलं, टेलफर्डसारख्या नावाजलेल्या इंजिनिअरने मध्ये लक्ष घातलं, मूळचा बर्कलेपर्यंतचा बेत आखडून सेव्हर्न नदीवरच्या शार्पनेसला आणला आणि १८२७ मध्ये एकदाचा उघडला. त्या वेळी इंग्लंडात एवढा रुंद आणि खोल कॅनॉल दुसरा नव्हता. दोन टोकं सोडली तर मध्ये एकही लॉक नाही, लॉकसाठीच जाणाऱ्यांना हे कमी वाटेल, वाटूही शकतं. पण फिरते पूल आहेत, आणि बरेचसे अजून माणूस येऊन फिरवतो. बॅरिअर पडतं, दोन-चार गाड्या थांबतात, पूल आडवा सरकतो, बोट निघून जाते, परत जागेवर. शेजारी पूल राखणाऱ्याचं जुनं घर, बुटकं, पण दर्शनी भागात ग्रीक देवळासारखे खांब. आम्हाला जो पूलवाला भेटला तो गप्पिष्ट निघाला, त्याने बाबांना सांगितलं की ह्याच कॅनॉलचं पाणी काठावरच्या पर्टन गावी शुद्ध करून ब्रिस्टलला प्यायला जातं, शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा. त्यावर बाबांचा दिवस सत्कारणी लागला, कारण ज्या पाण्यावर बोटी चालतात त्याच पाण्याची लेव्हल आणि दर्जा सांभाळायचा म्हणजे काय काम आहे हे त्यांना लगेच समजलं.

आणि पर्टन. माझ्या दृष्टीने निकाल तिथे लागला. शार्पनेस आणि पर्टनच्या मध्ये एक ठिकाण असं आहे की तुम्ही टोपाथवर, म्हणजे बोटी ओढायच्या जुन्या काठवाटेवर उभे आहात, एका हाताला कॅनॉल आणि दुसऱ्या हाताला सेव्हर्न, मध्ये फक्त बांध. इकडे पाणी हलत नाहीये, तिकडे भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जाणारी नदी, गढूळ, वाळूचे दांडे उघडे पडलेले, प्रवाह असा की बघूनच पोटात गोळा येतो. कॅनॉल का खोदला हे कुणी सांगावं लागत नाही. हा बांध खचायला लागला म्हणून १९०९ पासून जुन्या बार्ज (सपाट बुडाच्या मालबोटी) आणि शिडाची जहाजं मोठ्या भरतीला मुद्दाम काठावर चढवून ठेवली, त्यात गाळ भरत गेला आणि बांध टिकला. आजही गवतातून फासळ्या वर आलेल्या दिसतात, जवळ जाऊन लाकडाचे सांधे, लोखंडी खिळे बघता येतात. पुढे शार्पनेसच्या अलीकडे सेव्हर्न रेल्वे पुलाचा गोल दगडी मनोरा उभा आहे. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये धुक्यात दोन टँकर बार्ज शार्पनेस बंदराचं तोंड चुकून प्रवाहाबरोबर वर वाहत गेल्या, पुलाच्या खांबावर आदळल्या, पाच माणसं गेली. त्या मनोऱ्यापाशी उभं राहून नदीकडे बघितलं की नेव्हिगेशन म्हणजे काय ते कळतं, आणि मुख्य म्हणजे हवा तेवढा वेळ उभं राहता येतं.

अर्थात प्रत्येकाची आवड वेगळी. ज्यांना चालणं जमत नाही, एका जागी बसून भव्य काहीतरी बघायचंय, पाऊस आला तर आत बसायचंय, त्यांना मँचेस्टरची क्रूझ कदाचित जास्त सोयीची पडेल, आणि लॉक्ससाठी तर ती एकदा करावीच. बार्टनचा ॲक्विडक्ट मात्र क्रूझशिवायही बघता येतो, शेजारच्या रस्त्याच्या फिरत्या पुलावरून तो समोर दिसतो, आम्ही नंतर गाडी घेऊन तसंच केलं आणि बाबांना दरवाजे नीट बघायला मिळाले. हे लक्षात घेतलं तर मँचेस्टरचा अर्धा जीव तसाही पाऊण तासात बघून होतो, मग राखून ठेवलेला पूर्ण दिवस मी तरी ग्लॉस्टरला देईन.

तिकडे जायचं ठरलंच तर सकाळी ग्लॉस्टरची गोदी आणि जुनी धान्याची गोदामं बघून घ्या, मग गाडीने पर्टन गाठा, आणि घरून निघायच्या आधी शार्पनेसची भरतीची वेळ बघा. जहाज यायचं असेल तर ते भरतीच्या सुमारासच लॉकमध्ये शिरतं, त्यामुळे ओहोटीला पर्टनला पोचून पाणी चढायला लागलं की शार्पनेसकडे चालत निघायचं, असा क्रम ठेवलात तर दोन्ही साधतं.